मिनिटाला सेहेचाळीस ठोके

तो आकडा मी लिहिला होता. माझ्या हाताने, निळ्या शाईने, चौकटीत नीट बसवून. सेहेचाळीस. त्यामुळे ही हकीकत सांगायचा मला कितपत अधिकार आहे कोण जाणे. पण सांगितल्याशिवाय डोक्यातली तिडीक जाणार नाही.

मी वीज कंपनीच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं नर्स होते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत तपासणीचा पलंग, वजनकाटा आणि दार नीट न लागणारं औषधांचं कपाट. दुसरीत आठवड्यातून तीन दिवस येणारे म्हातारे डॉक्टर. येणारे बहुतेक लाइनमन, कोणाचा हात भाजलेला, कोणाची कंबर धरलेली. त्यांच्यातलाच हा एक. सगळे त्याला थंडोबा म्हणत, अगदी साहेब लोकसुद्धा. त्याला त्याचा राग यायचा नाही, म्हणून तर थंडोबा.

उंच टॉवरवर चढून मोठ्या दाबाच्या तारांची दुरुस्ती करणं हे त्याचं काम. खाली उभं राहून नुसतं वर बघितलं तरी मी लगेच नजर वळवायचे. तो मात्र असा चढायचा, जणू माळ्यावरचं सामान काढायला निघालाय. पण बेफिकीर म्हणाल तर मुळीच नाही. पट्ट्याचं बकल तीनदा बघणार. लाइन बंद केली असं दहा जणांनी सांगितलं तरी स्वतः जाऊन खात्री करणार. रिकामा रस्ता ओलांडतानाही दोन्हीकडे मान वळवणार. त्याची बायको बेकरीत काउंटरवर होती. ती म्हणायची, "अहो सिस्टर, ह्या माणसाबरोबर बाहेर पडायचं म्हणजे अर्धा तास आधी निघावं लागतं. कुलूप लावलं की परत ओढून बघणार, गॅस परत बघणार. ह्याला शूर कोण म्हणतं हो?"

एकोणीस वर्षांत त्याच्या टोळीतला एकही माणूस दगावला नव्हता. बाकीच्या टोळ्यांबद्दल असं म्हणता येत नव्हतं.

त्याचा बाप घरफोड्या करायचा. हे त्याने कधी लपवलं नाही. बाप दोनदा तुरुंगात जाऊन आला आणि तिसऱ्यांदा गेला तो आजारी पडून तिथेच संपला. आई लाँड्रीत इस्त्री करायची. शाळेत काही हरवलं की आधी ह्याचं दप्तर पालथं व्हायचं. नऊ वर्षांचा असताना वर्गातल्या एकाची टोपी पाण्याच्या टाकीवर अडकली. ती काढायला हा वर चढला, उतरताना शेवटच्या पायरीवरून पडला आणि डोक्याला सात टाके पडले. शाळेचे मास्तर आईला म्हणाले, "बापाच्या वळणावर जातोय. आज टाकी, उद्या लोकांच्या खिडक्या." टोपी कोणाची होती हे त्यांनी विचारलं नाही. टोपी त्यांच्याच मुलाची होती.

सतराव्या वर्षी हा जाहिरातींचे मोठे फलक रंगवायला लागला. एकदा वीज कंपनीच्या एका फोरमनने त्याला चौथ्या मजल्याच्या उंचीवर बसून शांतपणे डबा खाताना पाहिलं. "उतर खाली," तो ओरडला. "इतकं वर चढायचंच आहे तर कायमच्या नोकरीवर चढ." अशी ती नोकरी लागली. त्या फोरमनने ह्याचा बाप कोण हे विचारलं नव्हतं, फक्त हातांकडे पाहिलं होतं.

मग आला तो सल्लागार.

कंपनीने नवीन पद्धत काढली होती: प्रत्येक कामगाराची 'वर्तन जोखीम चाचणी'. हॉलमध्ये पडदा लावून सल्लागाराने आम्हाला चित्रं दाखवली. मेंदूचं चित्र, हृदयाचं चित्र, लाल-निळ्या रेषा. काही माणसं जन्मतःच धोक्याकडे ओढली जातात, म्हणाला. त्यांचं हृदय सावकाश चालतं, त्यांना भीती कमी वाटते, आणि भीती कमी म्हणजे शिक्षेचा धाकही कमी. हे बरंचसं रक्तातून येतं. माणूस मऊ आवाजात बोलायचा, अगदी सभ्य. पुढच्या रांगेतले साहेब माना डोलवत होते.

एकशेबारा कामगारांची नाडी मी मोजली. प्रत्येकाला दहा मिनिटं शांत बसवायचं, मग पूर्ण मिनिटभर मोजायचं. थंडोबाची सेहेचाळीस भरली.

"चांगली का वाईट?" त्याने विचारलं.

"धावपटूंची असते अशी. शंभर वर्षं जगशील."

तो हसला आणि उरलेला फॉर्म भरायला लागला. कुटुंबात कोणाला शिक्षा झाली आहे का, लहानपणी डोक्याला मार लागला आहे का, उंचीची भीती वाटते का. माझी नजर गेली तेव्हा पहिल्या प्रश्नापुढे तो 'वडील' असं लिहीत होता.

"अरे, हे लिहायलाच हवं का?" मी हळूच म्हटलं. "कोण शोधायला जाणार आहे?"

"सिस्टर, लपवायला मी काय चोर आहे?" तो म्हणाला, आणि सही करून मोकळा झाला.

तीन महिन्यांनी स्टोअरच्या आवारातून तांब्याच्या तारेची सहा रिळं गेली. आवाराच्या तीन बाजूंना उंच भिंत आणि फाटकावर पहारा. चौथ्या बाजूला भिंतीपलीकडे वीज केंद्राचं अंगण, जिथल्या तारा चोवीस तास चालू. त्या भिंतीवरून एक दोर लोंबकळताना सापडला. झालं. चोर चालू तारांच्या मधून आला आणि तसाच परत गेला, असं ठरलं. कामगारांचे साहेब, म्हणजे नेमणुका आणि शिस्तीचं खातं सांभाळणारे अधिकारी, म्हणाले, "इथून यायला ज्याच्या अंगात भीती नावाची चीजच नाही असा माणूस लागतो."

सहा रिळं! एक रीळ दोन धडधाकट माणसांना उचलत नाही. ती दोरावरून भिंतीपार कशी गेली, हे विचारायची बुद्धी एकालाही झाली नाही. विचारायची गरजच काय होती? कपाटात एकशेबारा फॉर्म तयार होते. ते काढले आणि गुण बघितले. वीसपैकी सतरा गुणांचा एकच माणूस निघाला. मंद नाडीचे चार, बापाच्या शिक्षेचे चार, डोक्याच्या टाक्यांचे तीन, उंचीची भीती नाही ह्याचे तीन, आणि 'स्वेच्छेने धोक्याचा व्यवसाय निवडला' ह्याचे तीन. शेवटचं परत वाचा. टॉवरवर चढवणार हे, चढायचा पगार देणार हे, आणि चढतो म्हणून गुन्हेगारीचे गुण देणारही हेच!

पोलिस सकाळी साडेसातला त्याच्या घरी गेले. मुलगी शाळेचा गणवेश घालून दारातच उभी होती. दोन दिवस त्याला चौकीत बसवलं, घर उलटंपालटं केलं, मिळालं काहीच नाही. पोलिसांनी सोडलं, पण कंपनीने निलंबित केलं. चौकशी संपेपर्यंत घरी बसा. आठवड्याने बेकरीच्या मालकाने बायकोला काउंटरवरून काढून मागे भट्टीपाशी पाठवलं. "गिऱ्हाईकं कुजबुजतात," म्हणाला. "तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, पण..." त्या 'पण'वर ती माउली रोज आठ तास भट्टीसमोर उभी राहू लागली.

आणि मी? मी मूग गिळून बसले होते. चौकशी चालू आहे, सत्य बाहेर येईल, आपण कशाला मध्ये पडा. लाज वाटते आता.

एका दुपारी त्याची मुलगी दवाखान्यात आली. नववीतली मुलगी, दोन वेण्या, खांद्यावर दप्तर.

"मावशी, माझी नाडी मोजाल?"

"का गं? चक्कर येतेय?"

"नाही. मोजा ना."

मी तिला बसवलं. ती भिंतीकडे बघत होती, दात घट्ट आवळून. मिनिट झालं. चोपन्न. एवढी घाबरलेली असूनही चोपन्न. ती आंतरशालेय पोहण्याच्या स्पर्धांत भाग घ्यायची, चोपन्न येणारच. खोटं सांगावं असं एक क्षण मनात आलं. बहात्तर म्हणावं आणि पाठवून द्यावं.

"चोपन्न," मी म्हटलं.

तिने मनगट मागे ओढलं. "म्हणजे माझ्यात पण आहे ते."

"काय आहे?"

"बाबांच्या कागदावर लिहिलंय ते. वर्गातली एक म्हणाली, त्यांच्या घराण्यातच आहे. आजोबा, मग बाबा, मग मी."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. नववीतली पोर स्वतःच्या मनगटाला घाबरत होती! मी तिचे दोन्ही हात धरले. "ऐक नीट. तुझं हृदय दणकट आहे, एका ठोक्यात पुष्कळ रक्त ढकलतं, म्हणून त्याला घाई नाही. बस, एवढंच. चोरी करायची की नाही हे हृदयाला कळत नाही गं. ते तू ठरवतेस."

ती रडली, तोंड धुतलं आणि गेली. मी त्याच दिवशी डॉक्टरांना म्हटलं, त्या सल्लागाराने ज्याच्या जिवावर हा कारखाना उघडलाय तो शोधनिबंध मला वाचायचाय. म्हाताऱ्याने दोन दिवसांत तो मिळवला आणि चष्मा कपाळावर सरकवून मला समजावून सांगितला. त्यात खोटं काही नव्हतं. हजारो माणसं मोजली तर मंद नाडीवाल्यांत मारामाऱ्या आणि गुन्हे करणारे थोडे जास्त निघतात. थोडेच. आणि त्याच मंद नाडीची माणसं बुडत्याला काढण्यात, आगीत शिरण्यातही पुढे असतात. शेवटी लिहिणाऱ्यांनी स्वतःच बजावलं होतं की एका माणसाबद्दल ह्यावरून काहीही ठरवू नये.

"गर्दीबद्दलची गोष्ट आहे ही," डॉक्टर म्हणाले. "एकट्या माणसाला ती लागू करणं म्हणजे सरासरी उंची बघून एखाद्याला पँट शिवण्यासारखं आहे."

आम्ही दोघं साहेबांकडे जायचं ठरवत होतो, तेवढ्यात टॉवरचा तो प्रकार झाला.

सुटलेल्या वाऱ्यात एका टॉवरवर काम चालू असताना तार धरून ठेवणारी चिनी मातीच्या चकत्यांची साखळी तुटली आणि सगळे ज्याला पैलवान म्हणत तो लाइनमन पट्ट्याला उलटा लटकला. बेशुद्ध. शिडीची गाडी चिखलात रुतलेली. टोळीतली पोरं खाली पांढरीफटक पडून उभी. टोळीच्या फोरमनने शेवटी थंडोबाला फोन लावला, कारण टॉवर त्याच्या वस्तीपासून दोन किलोमीटरवर होता. तो सायकलवर आला. मी अँब्युलन्सबरोबर पोहोचले तेव्हा तो फोरमनला विचारत होता, "लाइन बंद आहे? कोणी केली? दोन्हीकडून अर्थिंग लावलंय? मला दाखव."

"अरे माणूस मरतोय!" कोणीतरी ओरडलं.

"म्हणूनच विचारतोय. दोन मरायला नकोत."

स्वतः बघून आला, दुसऱ्याचा पट्टा बांधला, बकल तपासलं आणि चढला. पैलवानाला दोराने सरळ करून, इंच इंच सोडत खाली आणायला चाळीस मिनिटं लागली. पैलवान वाचला. आज त्याला नातवंडं आहेत.

लोक पैलवानाभोवती जमले होते. मी थंडोबाला शोधत टॉवरच्या मागे गेले. तो वाकून ओकत होता.

"सिस्टर," तो धापा टाकत म्हणाला, "ह्याला पण रकाना आहे का हो फॉर्ममध्ये? उतरल्यावर घाबरतो त्याला?"

चार दिवसांनी त्याच्या फाइलला नवीन कागद लागला. मी स्वतः वाचला. 'निलंबित असताना परवानगीशिवाय टॉवरवर चढला. अनावश्यक धोका पत्करण्याची प्रवृत्ती सिद्ध. सुधारित गुण: एकोणीस.'

अनावश्यक! पैलवानाच्या बायकोला जाऊन सांगा म्हणावं ते अनावश्यक.

मग मी साहेबांच्या दारावर टकटक करायच्या भानगडीत पडले नाही, सरळ आत गेले. डॉक्टर मागून आपले धापा टाकत आले. साहेबांच्या खोलीत तो सल्लागारही बसला होता, समोर कॉफी.

"सिस्टर, मीटिंग चालू आहे," साहेब म्हणाले.

"चालू दे. एकशेबारा नाड्या मी मोजल्यात साहेब, सगळ्या पाठ आहेत. बावन्नच्या खाली अकरा जण आहेत. अकराच्या अकरा तुमच्या सगळ्यात उंच टॉवरवर काम करतात. कोणी नेमलं त्यांना तिथे? तुम्हीच ना? शांत डोक्याचे म्हणून निवडून निवडून नेमलेत. म्हणजे तुमची तार जोडायची असली की तीच नाडी चांगली, आणि तार चोरीला गेली की तीच नाडी चोराची?"

सल्लागार मऊ हसला. "मॅडम, तुमच्या भावना समजतात. पण विज्ञान भावनांवर चालत नाही."

"मग ह्याच्यावर चालतं का बघा," डॉक्टर म्हणाले आणि निबंधाचं शेवटचं पान मोठ्याने वाचायला लागले. सल्लागाराने मध्येच घड्याळ बघितलं. ते पान त्याने नक्की वाचलेलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. माहीत नसणं मी माफ केलं असतं.

"आणि साहेब, तुमचा फॉर्म कुठे आहे?" मी विचारलं. "तुमची नाडी मी कधी मोजली नाही."

"अधिकारी वर्गाला चाचणी लागू नाही."

"असं होय."

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला: गोपनीय माहिती उघड केल्याबद्दल. मी तो दवाखान्याच्या भिंतीवर लावला, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असा.

चोर सापडला तो चाचणीने नाही, चोराच्या हावेने. थंडोबा घरी बसलेला असताना आणखी चार रिळं निघाली. पोलिसांनी एका भंगारवाल्याच्या दारात कंपनीचाच ट्रक पकडला. ड्रायव्हरने तिथल्या तिथे नाव सांगितलं: स्टोअरचा हेड कारकून. भर दुपारी, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या खाली दडवून, फाटकातून, पहारेकऱ्याचा सलाम घेत रिळं बाहेर जात होती. भिंतीवरचा दोर त्यानेच नंतर अडकवला होता, शिडी लावून, अलीकडच्या बाजूने. चालू तारांच्या वाऱ्यालाही तो उभा राहिला नव्हता. हा माणूस माझा नेहमीचा पेशंट. झुरळ बघून ओरडायचा, इंजेक्शनच्या आधी डोळे मिटून घ्यायचा. नाडी अठ्ठ्याऐंशी, वडील निवृत्त शिक्षक. चाचणीत त्याला वीसपैकी एक गुण होता. त्यालाही भीती वाटत होतीच की. पण तिने त्याला चोरीपासून नाही अडवलं, फक्त आळ दुसऱ्याच्या अंगावर ढकलायला शिकवलं.

सल्लागाराने काय लिहून पाठवलं माहीत आहे? 'चाचणी प्रवृत्ती दाखवते, कृत्य नव्हे. त्यामुळे निष्कर्ष चुकला असे म्हणता येत नाही.'

साहेबांनी थंडोबाला बोलावून पत्र दिलं. पाच महिन्यांचा 'गैरसमज' दूर झाला असून त्यांनी सोमवारपासून हजर व्हावे. मात्र काही काळ जमिनीवरच काम आणि फाइलमधली नोंद देखरेखीसाठी कायम.

थंडोबाने पत्र सावकाश वाचलं. मग ते टेबलावर सरकवलं. "नोंद काढा, मग येतो."

"अरे, तू निर्दोष आहेस असं लिहिलंय ना!"

"मग नोंद कशाची ठेवताय?"

साहेबांनी पत्र परत त्याच्यापुढे सरकवलं. "नियम आहे," म्हणाले.

"माझ्या मुलीला आठवड्यातून तीनदा स्वप्न पडतं साहेब, की तिने काहीतरी चोरलंय. काय चोरलंय ते तिला आठवत नाही. आधी ती नोंद काढा. माझीच नाही, सगळ्यांची."

एकोणीस वर्षांत कोणी ऐकला नव्हता असा आवाज होता तो. मोठा नव्हता, पण बाहेर कॉरिडॉरमध्ये उभ्या लाइनमननी ऐकला. सोमवारी ते कामावर आले, पट्टे बांधले आणि टॉवरच्या पायथ्याशी बसून राहिले. पुढे पैलवान, दुखऱ्या मानेला दवाखान्याचा पट्टा लावून. "आम्ही धोका पत्करणारे लोक आहोत, आमच्यावर विश्वास ठेवू नका," तो साहेबांना म्हणाला. "विश्वासाची माणसं ऑफिसात आहेत, त्यांना चढवा." तीन दिवस एकही दुरुस्ती झाली नाही. चौथ्या दिवशी सगळे फॉर्म दवाखान्याच्या मागच्या अंगणात आणले आणि आम्हा सगळ्यांसमोर फाडले. साहेबांनी 'चाचणी तूर्तास स्थगित' असं म्हटलं. चुकलो म्हणाले नाहीत, ते नाहीच.

थंडोबा परत टॉवरवर गेला आणि आठ वर्षांनी मुदतीआधीच निवृत्त झाला. मुलगी पोहायला शिकवते. स्वप्नं थांबायला मात्र दीड वर्ष लागलं. साहेबांना बढती मिळाली. सल्लागार आता शाळांमध्ये जातो म्हणे, सात वर्षांच्या मुलांची 'प्रवृत्ती' लवकर ओळखून देतो. हे ऐकल्यापासून मी दर आठवड्याला शिक्षण खात्याला एक पत्र पाठवते. अजून उत्तर नाही.

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने थंडोबाला समारंभ केला. साहेब मुख्य पाहुणे. भाषणात म्हणाले, "ह्यांचं धैर्य ही आमच्या कंपनीची शान आहे." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी त्याच्या बायकोच्या शेजारी बसले होते. भट्टीसमोरच्या त्या महिन्यांचे चट्टे तिच्या हातांवर अजून होते. ती टाळ्या वाजवत नव्हती. मागच्या रांगेतल्या कोणीतरी तिच्या खांद्याला हात लावून म्हटलं, "वहिनी, वाजवा की, तुमच्याच घरच्यांचं कौतुक आहे."

ती मागे न वळता, चांगली चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्यांच्यासाठी घरी वाजवीन. ह्याच्या तोंडच्या कौतुकाला नाही."

साहेब भाषणात जरा अडखळले. मग पाणी प्यायले आणि पुढे बोलत राहिले.